आई काही मागत नाही म्हणजे तिला काही लागत नाही असं नसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ३ वर्षांपूर्वी गेले, शेवटची २ वर्षं अंथरुणाला होते, तेव्हा सगळ्यांनी मिळून खूप केलं. आता आई ७७ ची आहे, ती कधीच कसली तक्रार करत नाही, विचारलं की म्हणते "मला काय धाड भरलीय". बहीण म्हणते वडिलांसाठी झाली त्याच्या निम्मी धावपळ पण आईसाठी होत नाही, आणि ती बाई आहे म्हणून होत नाही. आईचं जे काही बघायचं ते तुमची बायको नोकरी सांभाळून बघते. आणि शेवटचं, आईला व्यवहारातलं कळत नाही तर तिचं खातं आणि घर आत्ताच तुमच्या नावावर करून घ्यावं का.

मी नर्स आहे, २६ वर्षं झाली, पहिली १० वॉर्डात गेली आणि त्यानंतर घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना बघण्यात, त्यामुळे जे रोज डोळ्यासमोर दिसतं त्यावरूनच सांगते. लांबेल जरा.

बहीण बरोबर बोलतेय. तुम्ही मुद्दाम केलं असं ती पण म्हणत नसेल आणि मी पण म्हणत नाही. पण एक आठवून बघा, वडिलांना रात्री दम लागतोय, त्यांची सूज वाढलीय, त्यांना ती गोळी सोसत नाहीये, हे तुम्हाला सगळ्यात आधी कोण सांगायचं? वडील स्वतः? बहुतेक घरांत उत्तर येतं, आई. बघणारी ती, फोन करणारी ती, डॉक्टरांना नेमकं सांगणारीही तीच. वडिलांचं आजारपण तिने काढलं म्हणून ते तुम्हाला दिसलं तरी. आता तिच्या बाबतीत हे काम करायला घरात कोणी उरलेलं नाही, आणि स्वतःबद्दल बोलायची तिला सवय नाही, म्हणून घर शांत आहे आणि सगळ्यांना वाटतंय तिचं बरं चाललंय.

मी नवीन घरी गेले की आधी दोघांच्या फायली मागते. आजोबांची फाईल येते ती तारखेप्रमाणे लावलेली, रिपोर्टला पिन, एका वहीत रोजची शुगर आणि बीपी, आणि त्या वहीतलं अक्षर आजींचं असतं. मग मी म्हणते आजी आता तुमची द्या. तर कपाटाच्या तळातून एक प्लास्टिकची पिशवी निघते, तिच्यात चष्म्याच्या नंबरची जुनी चिठ्ठी आणि अर्धी संपलेली एक स्ट्रिप, कधीची ते त्यांनाही आठवत नाही. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता पिशवी बघून मला नवल वाटत नाही, पण राग अजूनही येतो.

आणि हे एका देशाचं किंवा एका समाजाचं नाही. जगभर बायका पुरुषांपेक्षा सरासरी ५ वर्षं जास्त जगतात, ६५ च्या वरच्या माणसांत त्या साधारण ५६ टक्के आहेत आणि वय जसं चढेल तसा हा आकडा वाढत जातो. नवरा बहुतेकदा वयाने मोठा, म्हणजे त्याची शुश्रूषा ती करते आणि नंतरची वर्षं एकटी काढते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता, जगातल्या बिनपगारी काळजीच्या कामापैकी ७६ टक्के काम बायका करतात. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याचं करायचं, त्यापायी स्वतःची कमाई कमी, म्हणून म्हातारपणी पेन्शन कमी किंवा नाहीच, आणि शेवटी जास्त वर्षं जगायचं ते जास्त दुखण्यांसकट, कारण बायकांना आयुष्य जास्त मिळतं पण त्यातली अपंगत्वात किंवा आजारात जाणारी वर्षंही जास्त असतात. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांच्या हक्कांसंबंधीच्या समितीने २०१० मध्ये फक्त वृद्ध स्त्रियांवर वेगळी शिफारस काढली, २७ क्रमांकाची, तिच्यात हेच म्हटलंय, की म्हातारपणी जे वाट्याला येतं ते आयुष्यभराच्या भेदभावाची बेरीज असते. त्यामुळे आईच्या बाबतीत समानता म्हणजे वडिलांएवढेच पैसे खर्च करणं असं मला वाटत नाही. तिने मागायची वाट बघू नका, ती वडिलांकडे जशी बघायची तसं तिच्याकडे बघा.

आता बघायचं म्हणजे काय ते सांगते, आणि सुरुवात अशा गोष्टीने करते जी ती तुम्हाला कधीच सांगणार नाही.

एका घरी मी आठवड्यातून दोनदा जायचे, ८१ वर्षांच्या आजी, सूनबाई अगदी मनापासून करणारी, रोज रात्री उशाशी पाण्याचा मोठा ग्लास झाकून ठेवायची. सकाळी मी गेले की ग्लास तेवढाच भरलेला असायचा. पहिल्यांदा वाटलं हा नवीन भरून ठेवलाय, म्हणून मी झाकणाखाली पाण्याच्या रेषेवर पेनाने बारीक खूण केली. दोन दिवसांनी गेले तर पाणी खुणेवरच. आजींना बाजूला घेऊन विचारलं, खूप वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या रात्री पाणी प्यायलं तर उठायला लागतं, उठेपर्यंत थेंब थेंब होतं, आणि मग सकाळी तिला चादर धुवावी लागते, ती आधीच दमलेली असते. म्हणजे दुपारी ४ नंतर त्या पाणीच पीत नव्हत्या, आणि हे वर्षभर चाललेलं. वर्षात त्यांना तीन वेळा युरिन इन्फेक्शन झालं होतं, एकदा तर त्या अचानक असंबद्ध बोलायला लागल्या म्हणून घरच्यांनी धरून ठेवलं होतं की आता स्मृतिभ्रंश सुरू झाला. स्मृतिभ्रंश वगैरे काही नव्हता, पाणी कमी आणि इन्फेक्शन, दोन्ही सावरल्यावर आजी परत पहिल्यासारख्या.

म्हातारपणी तहानच कमी लागते हे आधीच असतं, त्यात हे असं मुद्दाम न पिणं. आणि लघवी सुटणं हा वयाचा भाग आहे, चालायचंच, असं बायका एकमेकींना सांगत आलेल्या आहेत, डॉक्टरांपुढे तर हा विषय निघतच नाही, त्यात मुलगा सोबत बसलेला असेल तर अजिबातच नाही. पण याच्यावर उपाय आहेत हो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अर्नोल्ड केगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडले, ते आजही पहिला उपचार आहेत, एका वेळी निदान ८ वेळा स्नायू आवळायचे, असं दिवसातून ३ वेळा, आणि निदान ३ महिने, आठवड्यात फरक पडत नाही म्हणून सोडायचं नाही. कोणते स्नायू ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावं, बऱ्याच जणी पोटच आवळत बसतात. दर दोन-तीन तासांनी ठरवून बाथरूमला जायचं, बद्धकोष्ठ असेल तर त्याचा उपाय करायचा कारण त्याने पण लघवीचा त्रास वाढतो, पाणी दिवसा भरपूर आणि झोपायच्या आधीचे दोन तास जरा कमी. बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रभर बारीक दिवा, भिंतीला पकडायला दांडी, लांब पडत असेल तर बेडजवळ कमोडची खुर्ची. वारंवार इन्फेक्शन होत असेल तर पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर योनीमार्गात लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम असतं, डॉक्टरांना विचारा, त्याने इन्फेक्शन कमी होतात. एक सावधगिरी, लघवी रोखायला ऑक्सिब्युटिनिनसारख्या काही जुन्या गोळ्या दिल्या जातात, त्यांनी वय झालेल्या माणसाचा गोंधळ वाढतो, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, तेव्हा ती चालू असेल तर दुसरा पर्याय आहे का हे विचारायचंच.

आणि अचानक, म्हणजे काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस गोंधळला, दिवस-रात्र कळेना, कधी गुंगीत कधी चिडचिड, तर ते "आता वय झालं" नाही, त्याच दिवशी डॉक्टर. हे मी ओरडून सांगावं इतकं महत्त्वाचं आहे.

दुसरी गोष्ट उंचीची. एका आजींनी स्वतःचे सगळे गाऊन खालून दोन-दोन बोटं दुमडून शिवून घेतले होते, सुंदर बारीक टाके. मी म्हटलं छान शिवता, तर म्हणाल्या हल्ली कापड चांगलं येत नाही, धुतलं की लांब होतं. कापड लांब झालं नव्हतं, आजी बुटक्या झाल्या होत्या. भिंतीला उभं करून मोजलं तर तरुणपणच्या पासपोर्टवरच्या उंचीपेक्षा ६ सेंटीमीटर कमी. मणक्याची तीन हाडं दबलेली निघाली, एक्स-रेमध्ये स्पष्ट. पाठ दुखते का विचारलं तर, "दुखते की, पण काम केल्यावर कोणाची नाही दुखत".

५० नंतर दर तीन बायकांत एकीला हाडांच्या ठिसूळपणामुळे कधी ना कधी फ्रॅक्चर होतं, पुरुषांत पाचांत एकाला. मणक्याची जी फ्रॅक्चर होतात त्यातली बहुतेक कोणाच्या लक्षातच येत नाहीत कारण ती पडून होतातच असं नाही, वाकून बादली उचलली तरी होतात. तरुणपणापेक्षा उंची ४ सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर एक्स-रे आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. याला औषधं आहेत आणि ती काम करतात, फक्त कॅल्शियमची गोळी देऊन समाधान मानू नका. मणक्यानंतर जर खुब्याचं हाड मोडलं तर गणित फार बिघडतं, त्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात पाचातलं एक माणूस जातं आणि जे राहतात त्यातले बरेचजण आधीसारखे एकटे चालू शकत नाहीत. घरी करण्यासारखी एक साधी चाचणी सांगते, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळून परत येऊन बसायचं, घड्याळ लावा, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजून तोल आणि मांड्यांच्या ताकदीचे व्यायाम सुरू करायचे, फिजिओला दाखवून. चालताना कोणीतरी बाजूला उभं राहा म्हणजे झालं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. हार्ट अटॅक बायकांना छातीत कळ न येताही येतो, नुसता दम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एकदम गळून जाणं, आणि मग ते ॲसिडिटी म्हणून घरीच काढलं जातं. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर कधीही रक्ताचा डाग दिसला, एक थेंब का असेना, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचंच, आणि हे तिला तुमच्या बायकोने किंवा बहिणीने आत्ताच सांगून ठेवायला हवं की असं झालं तर लपवायचं नाही. ऐकू कमी येत असेल तर मशीन, कारण ऐकू न येणारं माणूस हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतं आणि त्याचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आहे हे आता पक्कं झालंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वृद्धांच्या तपासणीची एक सोपी पद्धत दिली, सहा गोष्टी बघायच्या: स्मरणशक्ती, हालचाल, पोषण, दृष्टी, श्रवण आणि मन. या सहाही गोष्टी दर वर्षी एकदा तरी बघितल्या गेल्या पाहिजेत, आईचे गुडघे दुखत असोत की नसोत. मनाचं विशेष बघा. नवरा गेल्यावर ३ वर्षं झाली तरी बाई गप्प गप्प असेल, कशातच रस नसेल, पहाटे जाग येत असेल तर ते दुःखाच्या पुढे गेलेलं असू शकतं, आणि नैराश्यावर या वयातही उपचार चालतात.

औषधांबद्दल एक मुद्दा, लोकांना हा माहीतच नसतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायचं मार्गदर्शक तत्त्व काढलं होतं, ते १९९३ मध्ये बदललं. मधल्या काळात कितीतरी औषधांचे डोस पुरुषांवर बघून ठरले. झोपेची झोल्पिडेम नावाची गोळी बाजारात येऊन २० वर्षं झाल्यावर, २०१३ मध्ये, त्याच नियामकाने बायकांसाठीचा डोस अर्धा करायला सांगितला, १० मिलिग्रॅमचा ५, कारण बायकांच्या शरीरात ती सकाळपर्यंत जास्त उरते. आता विचार करा, अशी गोळी घेऊन ७७ ची बाई पहाटे अंधारात बाथरूमला उठते. म्हणून आईच्या सगळ्या गोळ्या, शेजारणीने दिलेल्या आणि वडिलांच्या उरलेल्या पण, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता आणि विचारा यातली कोणती बंद करता येईल. पण स्वतःहून एकदम काही बंद करू नका.

डॉक्टरांकडे गेलात की अजून एक पथ्य. मी हे रोज बघते, डॉक्टर विचारतात आईंना आणि उत्तर देतो मुलगा. मग डॉक्टर पण मुलाकडेच बघून बोलायला लागतात, आणि आई खुर्चीत बसून आपल्याच शरीराबद्दलचं बोलणं ऐकत असते. तुम्ही पहिली पाच मिनिटं गप्प बसा. मग थोडा वेळ बाहेर जा, तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. जे वर्षभर घरात बोलली नाही ते त्या पाच मिनिटांत बोलते.

आता तुमच्या बायकोबद्दल. तुम्ही लिहिलंय "बायको बघते, मी मदत करतो". हा शब्द सोडा असं मी माझ्या सगळ्या घरांत सांगते, आई तुमची आहे, मदत तुम्हाला होतेय. आणि हे नुसतं शब्दाचं नाही. काळजीच्या कामात हाताने करायचं काम अर्धंच असतं, उरलेलं अर्धं डोक्यात असतं, गोळ्या कधी संपतात, पुढची अपॉइंटमेंट कधी, आज नेहमीपेक्षा कमी का बोलली, बाथरूमची चप्पल गुळगुळीत झालीय. हे डोक्यातलं वाटून घ्या. एक-एक काम वाटून काही होत नाही, पूर्ण विषय घ्या: औषधं आणि डॉक्टर संपूर्ण तुमच्याकडे, म्हणजे आठवण ठेवण्यापासून, बायकोने सांगायची वेळ येऊ नये. बहीण दुसऱ्या गावी असेल तर रोजचा फोन, कागदपत्रं आणि महिन्यातून ठरलेले दिवस तिच्याकडे, येऊन राहायचं आणि त्या दिवसांत तुमच्या बायकोने घराबाहेर पडायचं.

अंघोळ, कपडे बदलणं अशा कामाला बाईच हवी असं तुमच्या आईला वाटत असेल तर तिचा मान ठेवायचा, पण तिला विचारा तरी, परस्पर ठरवू नका. मी कितीतरी मुलांना बेडवरून खुर्चीत कसं घ्यायचं ते शिकवलंय. एकजण तर पहिल्या दिवशी आईला हात लावायलाच घाबरत होता, आपण जोरात धरू आणि तिला लागेल असं त्याला वाटत होतं, मी त्याला सांगितलं दंडाला धरून ओढायचं नाही, तिचे पाय जमिनीला टेकलेले, तुझे गुडघे वाकलेले, कमरेच्या मागून हात, आणि तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम उठायचं. तिसऱ्या दिवशी त्याला जमलं. नंतर त्या आजी मलाच म्हणायच्या, तुझ्यापेक्षा तो बरा उठवतो. पुरुषाला हे उपजत जमत नाही हे खोटं आहे, बायकांनाही उपजत जमत नाही, त्यांना लहानपणापासून करायला लावलेलं असतं.

बायको किती दमलीय हे तिला विचारलं तर ती पण "ठीक आहे" म्हणेल, आईसारखंच. स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० मध्ये काळजी घेणाऱ्या माणसावरचा भार मोजायची प्रश्नावली केली, सध्या ती २२ प्रश्नांची वापरतात, स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, तब्येतीवर परिणाम झाला का, असे प्रश्न असतात. ती तिने एकटीने भरावी आणि तुम्ही वाचावी. आमच्या कामात हा अनुभव आहे की भार हाताबाहेर गेला की आधी काळजी घेणारी आजारी पडते, मग म्हातारं माणूस.

ती जर नोकरी सोडायचं किंवा अर्धवेळ करायचं बोलत असेल तर थांबा. तिचं म्हातारपण आत्ता ठरतंय. जर्मनीने १९९५ पासून दीर्घकालीन काळजीचा विमा सुरू केला, त्यात घरी काळजी घेणाऱ्या माणसाच्या पेन्शन खात्यात विम्यातर्फे पैसे भरले जातात, आठवड्याला किमान १० तास काळजी घ्यावी लागते. जपानने २००० मध्ये असाच विमा आणला, ४० च्या वरचा प्रत्येकजण हप्ता भरतो, पण तिथे पैसे हातात न देता सेवाच द्यायची असं ठरलं, कारण महिला संघटनांचं म्हणणं होतं की रोख पैसे दिले तर सुनेला घरातच बांधून ठेवतील. दोन देशांनी दोन वाटा धरल्या, आणि दोन्हींत एक मान्य केलंय की हे काम आहे आणि त्याची किंमत आहे. तुमच्याकडे अशी सोय नसेल तर ती घरात करा, तिचा जेवढा पगार कमी होईल तेवढी रक्कम, आणि पेन्शनचा वाटाही धरून, दर महिन्याला तिच्या एकटीच्या नावावर. तुम्ही आणि बहिणीने मिळून. बाई ठेवलीत कामाला, तर तिलाही आठवड्याची सुट्टी आणि रात्रीची सलग झोप द्या, २४ तास एकाच बाईने करायचं हे चालत नाही, ती पण उद्याची म्हातारी बाईच आहे.

राहिला घराचा आणि खात्याचा प्रश्न. नको. अजिबात नको, आणि सोपं जाईल या कारणाने तर नकोच. तुमचा हेतू वाईट नाही हे मी समजते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ६० च्या वरच्या दर ६ माणसांत एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ किंवा गैरवागणूक सोसावी लागते, आर्थिकही त्यात येते, आणि मी जी घरं बघितली त्यात त्याची सुरुवात कोणा दुष्ट माणसाने केलेली नव्हती, सोयीसाठी केलेल्या सहीने झाली होती. नंतर परिस्थिती बदलते, भावाबहिणीचं बिनसतं, आणि बाईला स्वतःच्या चष्म्यासाठी पैसे मागावे लागतात. जिने कधी कोणाकडे काही मागितलं नाही ती चष्माही मागत नाही, मग ती वाचणं सोडून देते.

आणि तिला व्यवहारातलं कळत नाही हे कशावरून? तिने दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या औषधांचा हिशोब ठेवलाय. बहुतेक वेळा इतकंच असतं की बँकेचं काम वडील बघायचे, तिला कोणी शिकवलं नाही, आणि आता फॉर्मवरची अक्षरं दिसत नाहीत. खातं तिच्याच नावावर ठेवा, ते वापरायला शिकवा, महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या हातात खेळती असू दे, ती कशावर खर्च केली हे विचारायचं नाही. पुढे आजारपणात ती सही करू शकली नाही तर काय, ही काळजी रास्त आहे, त्यासाठी ठराविक कामापुरतं आणि तिला हवं तेव्हा रद्द करता येणारं अधिकारपत्र करतात, आणि मालकी तिचीच राहते. मृत्युपत्र करायचं तर तिच्या मनाने. आणि उपचारांबद्दलही आत्ताच विचारून लिहून ठेवा, तिला काय हवं, काय नको, तिच्या वतीने कोणी बोलावं. कदाचित ती बहिणीचं नाव घेईल, तर वाईट वाटून घेऊ नका.

कुठलाही कागद सहीला आणाल तेव्हा आधी तिचा चष्मा आणि कानाचं मशीन लावून द्या. वकील तिने निवडलेला असू दे, त्याच्याशी बोलताना तुम्ही खोलीत थांबू नका, बहिणीलाही थांबू देऊ नका. आणि सही लगेच घेऊ नका, निदान आठवडाभर तो कागद तिच्या कपाटात, तिच्या किल्लीखाली राहू दे.

तिची उंची, त्या चालण्याच्या चाचणीचे सेकंद, आणि गोळ्यांची यादी एवढं काढून मला पाठवा, पुढचं त्यावरून बोलू. उशाशी ग्लास ठेवत असाल तर आज रात्री त्यावर खूण करा.